मी सुचवलेली शाल

सुरतेतल्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे वेळापत्रकात माझं नाव असतं, स्टाफरूमबाहेरच्या फलकावर नसतं. अशा माणसाला आपण मोठे आहोत असं वाटायला फार थोडं पुरतं. मला एक निबंध पुरला.

'आधुनिक मुत्सद्देगिरीत समानुभूतीचे स्थान' असं त्याचं भारदस्त नाव होतं. एका चर्चासत्रात, जेवणाच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या सत्रात मी तो वाचला. समोर अकरा जण होते, त्यात माइकवाला आणि अध्यक्षांचा ड्रायव्हर धरला आहे. सहानुभूती वेगळी आणि समानुभूती वेगळी, यावर मी पहिली तीन पानं घालवली. दुसऱ्याचं दुःख बघून हळहळणं ही सहानुभूती, त्याच्या जागी बसून ते आतून जाणवणं ही समानुभूती, आणि आजकालच्या राजदूतांना ही दुसरी येत नाही म्हणून जगाचं असं झालं आहे, असा माझा एकूण सूर होता. आयुष्यात एकाही राजदूताशी माझं बोलणं झालेलं नव्हतं. परराष्ट्र खात्याशी माझा सगळ्यात जवळचा संबंध म्हणजे पासपोर्टची रांग, आणि तिथूनही मला झेरॉक्स विसरलो म्हणून परत पाठवलं होतं.

आमचं घर शहरातल्याच बमरोलीत आहे. वडील, म्हणजे आप्पा, तरुणपणी धुळ्याकडच्या आमच्या गावातून सुरतेला आले आणि सगळी उमर लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, काढली. लूम कायम खडखडत असतात. त्या आवाजात पस्तीस वर्षं उभं राहून त्यांचे कान गेले. खाली दोन खोल्यांत ते राहतात, वर आम्ही नवरा-बायको. निबंध वाचून आलो त्या दिवशी मी बायकोला समानुभूतीची व्याख्या समजावून सांगितली. ती भाजी निवडत होती.

"अहो, आप्पा मघापासून तिसऱ्यांदा चहा मागतायत," ती म्हणाली. "ते तुम्हाला ऐकू आलं का?"

मला खरंच ऐकू आलं नव्हतं. पण निबंधाचा विषय घरगुती नव्हता, आंतरराष्ट्रीय होता, असं मी स्वतःला सांगितलं.

काही महिन्यांनी पांडेसऱ्यातल्या एका प्रिंटिंग मिलच्या शेठचा फोन आला. शेठ मूळचे काठियावाडचे. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी होती आणि ते चर्चासत्र तिने शेवटपर्यंत बसून ऐकलं होतं. (अकरांत ती एक.) शेठ म्हणाले, "साहेब, दिल्लीच्या एका एम्बेसीतून मॅडम येतायत. आफ्रिकेच्या. आम्हाला हिसाब-किताबाचं बोलता येतं, असं मोठं बोलता येत नाही. तमे तो आ विषयना माणस छो."

या विषयाचा माणूस! फोन ठेवल्यावर मी आरशासमोर जाऊन उभा राहिलो.

शेठनी मला त्या वकिलातीचं पत्र दाखवलं. पश्चिम आफ्रिकेतला देश होता, नाव इथे नको. शेठची मिल तिकडच्या बाजारासाठी पॉलिस्टर कापड छापत असे. पत्रात लिहिलं होतं की, आपल्या मिलच्या एका डिझाइनच्या बाबतीत सांस्कृतिक संवेदनशीलतेचा प्रश्न निर्माण झाला असून त्यावर आमच्या व्यापार विभागाच्या अधिकारी प्रत्यक्ष येऊन बोलू इच्छितात. 'सांस्कृतिक संवेदनशीलता' हे शब्द मला इतके आवडले की मी त्यांच्याखाली पेनाने रेघ मारली. कुठलं डिझाइन, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. शेठनाही सुचलं नाही, पण ते त्या विषयाचे माणूस नव्हते.

मी तयारीला लागलो. चार पानांचं टिपण केलं, सगळं इंटरनेटवरून. डाव्या हाताने काही देऊ नये. आधी वडीलधाऱ्याला नमस्कार करावा. कामाचं बोलण्याआधी घरच्यांची चौकशी करावी, घाई करू नये. मिलच्या ऑफिसात शेठ, त्यांचा मॅनेजर आणि डिझाइन खात्याचे एक वयस्कर कारागीर अशा तिघांना बसवून मी तासभर प्रशिक्षण दिलं. घरच्यांची चौकशी या मुद्द्यावर मी फार जोर दिला.

शेठ गोंधळून म्हणाले, "ए तो अमे रोज करीए छीए."

"हो, पण आता जाणीवपूर्वक करायचं," मी म्हणालो. याचा अर्थ मलाही नीटसा माहीत नव्हता.

घरी मी ऐकण्याचा सराव सुरू केला. समानुभूतीने ऐकणारा माणूस मान किंचित एका बाजूला कलती ठेवतो, डोळ्यांत ओलावा आणतो आणि मधूनमधून हुंकार देतो असं मी वाचलं होतं. आरशासमोर मी तसं करून बघत असताना बायको मागून म्हणाली, "मान आखडली का? तेल लावून देऊ?"

आणि मग मला ती कल्पना सुचली. आपल्याकडे पाहुण्याला शाल देतात. शेठ काश्मिरी शाल आणणार होते. मी म्हटलं, "नको, शेठ. मॅडमना त्यांच्याच देशाच्या डिझाइनचं, आपल्या मिलमध्ये छापलेलं कापड पांघरवू या. म्हणजे आपण त्यांना आपलं मानलं, हे बोलावं लागणार नाही."

शेठना हे फार पटलं. मला नमुन्यांच्या खोलीत नेलं. आफ्रिकेच्या मालाचे नमुने टांगलेले होते. पंख्याची चित्रं, पोपट, मासे, मोठमोठी पिवळी फुलं. त्या सगळ्या गर्दीत एक कापड वेगळं होतं. काळे-पांढरे अरुंद पट्टे, आणि मधूनमधून पक्ष्याच्या पावलासारखी बारीक खूण. किती संयमित, किती खानदानी! मी बोट ठेवलं. "हे."

डिझाइनचे कारागीर म्हणाले, "सर, हे खूप चालतं. तिकडच्या व्यापाऱ्यानेच फोटो पाठवलेला."

"चालणारच," मी म्हणालो. "यात अभिजातपणा आहे."

मॅडम ठरल्या दिवशी सकाळी आल्या. पंचेचाळिशीच्या असतील. साधा निळा पोशाख, हातात कापडी पिशवी, प्रवासाने थकलेला चेहरा. इंग्रजी अगदी सावकाश आणि स्वच्छ बोलत होत्या. मिलच्या दारात शेठनी हात जोडले, मी दोन वाक्यांचं स्वागत केलं, जे होता होता नऊ वाक्यांचं झालं, आणि शेठनी ते काळं-पांढरं कापड उलगडून मॅडमच्या खांद्यावर पांघरवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने फोटो काढला. त्या फोटोत सगळ्यात मोठं हसू माझं आहे.

मॅडम हसल्या नाहीत. हात खाली सोडून, खांबासारख्या ताठ उभ्या राहिल्या. मग त्यांनी कापड दोन्ही हातांनी अलगद उतरवलं, त्याची नीट घडी घातली आणि विचारलं, "हे कुणी निवडलं?"

"मी," मी म्हणालो. वर मानही वाकवली.

त्यांनी ती घडी काखेत घेतली. "आधी मिल बघू या," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, भारावल्या आहेत.

मिलमध्ये वाफ आणि रंगाचा उग्र वास होता. लांबलचक मशिनीवरून पांढरं कापड येत होतं आणि पुढे जाताना त्यावर डिझाइन उमटत होतं. नेमकं तेच काळं-पांढरं चाललं होतं. मॅडम मशिनीच्या टोकाशी उभ्या राहिल्या. कापड खाली पडत, घड्या घेत, ढीग होत होतं. मी शेजारी उभा राहून उत्पादनक्षमतेची माहिती देत होतो. त्यांनी ती ऐकली असेल असं मला आता वाटत नाही.

मग आम्ही ऑफिसात बसलो. शेठ त्यांच्या मोठ्या खुर्चीत, समोर मॅडम, आणि मी दोघांच्या मध्ये, दुभाषा. मॅडमनी पिशवीतून एक कापड काढून टेबलावर ठेवलं. तेच डिझाइन, पण जाड सुती, हाताने विणलेलं. चार बोटं रुंदीची एकच पट्टी; अशा पट्ट्या एकमेकींना शिवून पुरतं कापड होतं. शेजारी त्यांनी मिलची घडी ठेवली.

त्या बोलू लागल्या आणि मी मान कलती केली. डोळ्यांत ओलावा आणला. हुंकार दिले. या सगळ्यात मन इतकं गुंतलं होतं आणि त्यांचं संपल्यावर आपण काय उत्तर द्यायचं याची इंग्रजी जुळवाजुळव इतकी जोरात चालली होती, की त्या काय बोलत होत्या ते माझ्या कानांवरून नुसतं वाहत गेलं. 'आई' हा शब्द आला एवढं कळलं. त्या थांबल्या. मी छातीवर हात ठेवला.

"मॅडम," मी म्हणालो, "तुमची वेदना मी समजू शकतो. तुमच्या जागी बसून मी ती अनुभवतो आहे."



"तुम्हाला काय वाटतं ते राहू द्या," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी काय सांगितलं, ते यांना सांगा. त्यांच्या भाषेत. त्यात पदरचं काही मिळवू नका."

मी शेठकडे वळलो. तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत वर्गात मी शेकडो मुलांना "आत्ता मी काय म्हणालो ते सांग बरं" असं म्हणून उभं केलं आहे, त्या सगळ्यांचे चेहरे मला त्या क्षणी दिसले.

"सॉरी, मॅडम," मी म्हणालो. "पुन्हा एकदा सांगाल का? मी... माझं लक्ष नव्हतं."

हे वाक्य माझ्या चार पानांत नव्हतं. मॅडमच्या चेहऱ्यावर राग येईल असं वाटलं होतं, पण त्या फक्त खुर्चीत जरा मागे टेकल्या. मग एकेक वाक्य बोलून थांबत गेल्या, आणि मी एकेक वाक्य माझ्या खानदेशी वळणाच्या गुजरातीत शेठना सांगत गेलो.

त्यांच्या भागात हे कापड रोजच्या वापराचं नाही. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की ते विणायला सांगतात. विणकर त्या माणसाबद्दल विचारतो, मग मागावर बसतो. मृतदेह त्यात गुंडाळतात. एक पट्टी मुलगी स्वतःकडे ठेवते. टेबलावरची ती पट्टी मॅडमच्या आईच्या कापडातली होती. आई जाऊन सहा महिने झाले होते. ते कापड मॅडमच्या मामाने, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाने, विणलं होतं. आणि आईचं क्रियाकर्म आटोपून परतताना मॅडमनी बाजारात बायकांना तेच डिझाइन नेसून टोमॅटो घेताना पाहिलं होतं. गावातल्या विणकरांकडे आता कुणी येत नाही. कायद्याने त्या काही मागू शकत नाहीत, कारण डिझाइन कुणाच्याच नावावर नाही, आणि ते पाठवणारा व्यापारी त्यांच्याच देशाचा आहे. त्या फक्त सांगायला आल्या होत्या.

"आणि आमच्याकडे," त्या शेवटी म्हणाल्या, "जिवंत माणसाच्या खांद्यावर हे कुणी टाकत नाही."

हे वाक्य शेठना सांगायला मला योग्य शब्द मिळेना. शेवटी 'कफन' म्हणालो.

शेठनी मला विचारलं, "आपणे एमने कफन ओढाड्युं?"

मी मान डोलावली. 'आपण' या शब्दात त्यांनी मला एकट्याला न ठेवता स्वतःलाही घेतलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ते सरळ म्हणू शकले असते की, मॅडम, हे या मास्तरांचं डोकं. मी तेच म्हणालो असतो.

शेठ आपल्या मोठ्या खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले, भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि मॅडमच्या शेजारी बसले. मला म्हणाले, "पूछो, एमनां बा केटलां वरसनां हतां?"

मी आईचं वय विचारलं. मॅडमनी सांगितलं. शेठनी विचारलं, आजारी होत्या का? शेवटी कोण होतं जवळ? तुम्ही पोचलात का? मॅडम वेळेवर पोचल्या नव्हत्या. विमान चुकलं होतं. शेठ म्हणाले, त्यांची बा गेली तेव्हा तेही लांब, सुरतेला होते, राजकोटच्या पुढे बस बंद पडली होती. हे मी इंग्रजीत सांगितलं. मग शेठनी पाण्याचा ग्लास मॅडमपुढे सरकवला, आणि मला पहिल्यांदाच भाषांतर करण्यासारखं काही उरलं नाही. माझ्या टिपणातला दुसऱ्या पानावरचा मुद्दा, ज्यावर मी एवढा जोर दिला होता, तो मी स्वतः सकाळपासून एकदाही वापरला नव्हता.

जाताना मॅडमनी विचारलं, इथे कापड विणणारे लोक कुठे राहतात? त्यांना कुणा विणकराशी बोलायचं होतं. शेठनी लगेच माझ्याकडे बोट केलं. "साहेबांचे वडील लूमवाले होते!"

चर्चासत्रात माझी ओळख करून देणाऱ्यांना मी वडिलांचा उल्लेख 'वस्त्रोद्योगाशी संबंधित' असा करायला लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम बमरोलीला आमच्या घरी आल्या. मी आप्पांना आदल्या संध्याकाळी ओरडून ओरडून सगळं सांगितलं होतं. शेजारच्या चार घरांना कळलं, आप्पांना किती कळलं कोण जाणे. ते धुतलेली टोपी घालून खाटेवर बसले होते. बायकोने पोहे केले होते. मी दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसलो. कालच्यानंतर एकही शब्द सुटू द्यायचा नाही, असं ठरवलं होतं.

मॅडमनी ती हाताने विणलेली पट्टी आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती अंगठ्याने चोळली, उजेडाकडे धरली, नखाने दोन धागे वेगळे करून पाहिले. मग मॅडमकडे बघून त्यांनी हवेतच धोटा इकडून तिकडे फेकल्यासारखा हात केला आणि भुवया उंचावल्या. मॅडमनी मान हलवली आणि मांडीवरच तसाच हात करून दाखवला, पण अगदी आखूड, चार बोटांएवढा.

"आप्पा, मॅडम म्हणतायत की..." मी सुरू केलं.

"तू गप बस," आप्पा म्हणाले. "माले कळस."

लूमच्या खात्यात कुणाचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. तिथली माणसं हातांनी, ओठांनी बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, जेवायला चल, मुकादम येतोय, सगळं लांबून. आप्पा पस्तीस वर्षं हीच भाषा बोलत आले होते. मी ती कधी शिकलो नाही. लहानपणी मित्रांसमोर ते असे हातवारे करायला लागले की मी दुसरीकडे बघत असे.

पंधरा-वीस मिनिटं ते दोघं असं बोलत होते. मला त्यातलं अर्धं कळलं असेल. मग आप्पांना शब्द हवे झाले.

"तिले सांग," ते मला म्हणाले, "मन्हा बापबी विणे."

मी थांबलो. "कोण? आजोबा?"

"हातमागवर. लुगडा. गावमा तो खड्डा शे ना घरात, ज्यामा तुम्ही लपाछपी खेळेत? तठे पाय सोडीसन बठे तो."

मला तो खड्डा कांदे ठेवण्याचा वाटत होता. सुट्टीत गावी गेलो की आम्ही त्यात लपायचो. माझ्या निबंधाच्या नवव्या पानावर 'विस्थापित कारागीर आणि जागतिक बाजारपेठ' असा एक परिच्छेद आहे. त्यासाठी मी तीन ग्रंथालयांतून पुस्तकं आणली होती.

मॅडमनी विचारलं, मग ते काम बंद का पडलं? मी ते आप्पांच्या कानात ओरडून सांगितलं. आप्पा म्हणाले, मिलची लुगडी आली, स्वस्त, रंग न जाणारी. गावातल्या बायकांनी ती घेतली. आजीनेसुद्धा घेतलं.

"आजीने?" मी विचारलं.

"मंग? तीबी बाईच व्हती ना."

मी हे इंग्रजीत सांगितलं, आणि मॅडमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून पुढे माझं एक वाक्य जोडणार होतो, की किती दुःखद. पण आप्पा अजून बोलत होते.

"मी रडनू नही," ते म्हणाले. "भुसावळ पॅसेंजरमा बठनू नि इकडे उनू. मिलनं कापड चांगलंच ऱ्हास. त्याच कापडवर हाऊ शिकना." हाऊ म्हणजे मी.

हे कसं सांगावं मला कळेना. बाई आपल्या आईच्या कापडाची पट्टी घेऊन हजारो मैलांवरून आलेली, आणि माझा बाप तिला सांगतोय की मिलचं कापड चांगलं असतं. कुठल्याही मुत्सद्द्याने हे गिळलं असतं. पण काही मिळवायचं नाही, तर काही गाळायचंही नाही, असं मी मनाशी म्हणालो आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं.

मॅडमचा चेहरा कसनुसा झाला.  मग म्हणाल्या, "माझा मामाही हेच म्हणतो. मला ते ऐकायचं नसतं." आणि आप्पांकडे बोट करून, "दिल्लीपासून इथपर्यंत सगळे मला म्हणाले की आम्ही समजू शकतो. यांनी एकदाही म्हटलं नाही."

मी हेही आप्पांच्या कानात ओरडलो. "मामानी पोरे काय करतस?" त्यांनी विचारलं.

मामाची मुलं राजधानीत भाड्याच्या मोटरसायकली चालवत होती.

आप्पांनी मान हलवली. मग पट्टी परत देताना म्हणाले, "पन मरेल माणूसनं कापड निराळं. ते मशिनवर नको. मशिनले काय माहीत कोण मरनं ते."

मी सांगितलं. मॅडमनी पट्टी घेतली आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काय केलं? मी पोह्यांची बशी पुढे केली. डाव्या हाताने. बायकोने माझ्या हातातून ती घेतली, बाजूला ठेवली आणि मॅडमच्या शेजारी खाटेवर जाऊन बसली. तिला इंग्रजी येत नाही. ती नुसती बसली.

त्याचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण अशा गोष्टींचा शेवट लोक गोड करून टाकतात. शेठनी ते डिझाइन बंद केलं. छापलेला माल त्यांनी तिकडे न पाठवता इकडेच गाद्यांच्या आतल्या अस्तरासाठी विकून टाकला. व्यापाऱ्याला फोनवर सुनावलं, तर तो म्हणाला, तुम्ही नाही तर दुसरे. आणि दोन-तीन महिन्यांत कडोदऱ्याच्या बाजूच्या एका मिलने तेच डिझाइन छापायला घेतल्याचं डिझाइनच्या कारागिरांनी मला सांगितलं. शेठ तिथे स्वतः जाऊन बोलून आले. ती माणसं म्हणाली, बघू. अजून बघतायत. मॅडमना मी हे कळवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: खरं कळवल्याबद्दल आभार, वडिलांना नमस्कार. नंतर त्यांची दुसऱ्या देशात बदली झाली असं ऐकलं.

त्या चर्चासत्रातल्या निबंधांचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा संपादकांनी सुधारित प्रत मागितली. मी पहिली तीन पानं काढली, मग चौथं वाचलं, मग तेही काढलं. असं करत करत नवव्या पानाशी आलो आणि त्यांना कळवलं की निबंध उरत नाहीये. त्यांनी जुनाच छापला. माझ्या नावापुढे 'समानुभूतीचे अभ्यासक' असं घातलं आहे.

शेठनी मात्र त्या दिवसानंतर एक नवी रीत पाडली. परदेशातून कुठलंही नवं डिझाइन आलं की ते छापायच्या आधी मला फोटो येतो आणि पाठोपाठ फोन. "साहेब, हे कशाचं आहे, विचारून घ्या." मग मी त्या त्या देशाच्या कुणाचा तरी नंबर शोधतो, तोडक्यामोडक्या इंग्रजीत अनोळखी माणसाला विचारतो, की या चित्राचा तुमच्याकडे काही अर्थ आहे का, कुणाच्या घरचं काही आहे का. बहुतेक जण हसतात. परवा एका डिझाइनवर वेटोळं घातलेला साप होता. मी चार दिवस चौकशी केली, शेवटी तिकडच्या एका शाळामास्तरांशी गाठ पडली. माझा लांबलचक प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "साप आहे हो. नुसता साप."

मी शेठना फोन लावला. त्यांनी मशीन सुरू केली.